वाचक विचारतात: बाथला जायचंय, एका दिवसात होईल का?

सुट्टीत परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आईबाबांची पत्रं हल्ली वर्षभर येतात. या वेळी बरेच प्रश्न गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांबद्दल होते, म्हणून तेच एकत्र घेतेय.

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही नौपाड्यात राहतो. मे महिन्यात लेकीकडे इंग्लंडला जातोय, ती आणि जावई स्लाऊला असतात, दोघंही आठवडाभर ऑफिसात. बाथचे फोटो बघितल्यापासून ते गाव माझ्या मनात बसलंय, पण जावई म्हणतात की तिथे नुसत्या जुन्या बिल्डिंगी आहेत, त्यापेक्षा लंडनच फिरा. आम्ही दोघंच ट्रेनने एका दिवसात जाऊन येऊ शकू का? मिस्टर ६८ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, चढ जमत नाही. मी ६३. आणि जेवणाचं काय, आम्ही शाकाहारी आहोत, मी अंडंही खात नाही.

उत्तर: ताई, नक्की जा, आणि दोघंच जा, काहीही अवघड नाही. जावईबापूंच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, फक्त बिल्डिंगी बघत फिरलात तर दुपारपर्यंत सगळं सारखंच वाटायला लागेल, कारण अख्खं शहर एकाच पिवळसर सोनेरी दगडात बांधलेलं आहे. पण बाथला बघायचं असतं ते पाणी. तिथे जमिनीतून ४६ अंश सेल्सिअसचं गरम पाणी आपोआप वर येतं, रोज ११ लाख लिटरपेक्षा जास्त, आणि गेली दोन हजार वर्षं त्या गावात जे जे झालं, देऊळ, चर्च, हवापालटाला येणारे राजेरजवाडे, नाचगाण्याचे हॉल, श्रीमंतांची भाड्याची घरं, ते सगळं या पाण्यापायी झालं. त्यामुळे दिवसाची सुरुवात झऱ्यापासून करा आणि मग बाकीचं शहर बघा, उलटं करू नका.

आधी प्रवास. बाथला जाणाऱ्या गाड्या लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून सुटतात आणि साधारण दीड तासात पोचतात, पण तुम्ही स्लाऊला राहणार म्हणजे उलटं लंडनला जायची गरजच नाही. स्लाऊहून रीडिंगला जायचं आणि तिथे बाथची गाडी पकडायची, रीडिंगपासून तासाभराचा रस्ता आहे. उतरायचं स्टेशन ‘बाथ स्पा’. तिकीट आधी काढलं की बरंच स्वस्त पडतं, पण ते त्या ठरलेल्या गाडीलाच चालतं, म्हणून जाताना ठरलेली गाडी घ्या आणि येतानाचं तिकीट ऑफ-पीकचं, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून कुठल्याही गाडीला चालणारं ठेवा, म्हणजे पाय दुखले म्हणून अर्धा तास कुठे बसलात तरी घड्याळाकडे बघायला नको. तिथे साठीच्या वरच्या लोकांना सीनियर रेलकार्ड मिळतं, तिकीट एक तृतीयांश कमी होतं, त्यासाठी तिथले रहिवासी असायची अट नाही, वयासाठी पासपोर्ट चालतो. कार्डाचे पैसे वेगळे पडतात, पण दीड-दोन महिने राहून चार ठिकाणी फिरणार असाल तर ते वसूल होतात. आणि शनिवार-रविवार टाळा, गर्दी असते, तिकिटं महाग असतात आणि रुळांची कामंही बहुतेक वीकेंडलाच काढतात. लेक ऑफिसला गेली की तुम्ही निघा.

खिडकीची जागा मिळाली तर एक लक्षात ठेवा. बाथ यायच्या जरा आधी गाडी एका लांब बोगद्यातून जाते, तो बॉक्सचा बोगदा, १८४१ मध्ये पुरा झाला, इझमबार्ड ब्रुनेल नावाच्या इंजिनियरने काढलेल्या मार्गावर. ठाणेकरांना यात विशेष वाटावं असं म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या जेमतेम बारा वर्षं आधीचं हे काम आहे आणि आजही रोजच्या गाड्या त्याच बोगद्यातून धावतात.

स्टेशनपासून रोमन बाथ्स सपाट रस्त्याने चालत दहा मिनिटांच्या आत. तिकीट आदल्या दिवशी तरी ऑनलाइन काढून ठेवा, वेळ ठरवून मिळतो, सकाळी दहाच्या आसपासचा घ्या. आत लिफ्ट आहेत हे मिस्टरांना सांगा, पण काही ठिकाणी जुनी उंचसखल फरशी आहे म्हणून बूट घट्ट हवेत, चपला नकोत. दोन तास हातात ठेवा आणि घाई करू नका.

आत काय आहे ते सांगते. इसवी सन ४३ मध्ये रोमन लोक ब्रिटनमध्ये आले तेव्हा या झऱ्यावर तिथल्या स्थानिक लोकांची सुलिस नावाची देवी आधीपासूनच होती. रोमनांनी तिला हाकललं नाही, आपल्या मिनर्व्हा देवीशी तिचं नाव जोडलं, सुलिस मिनर्व्हा म्हणून देऊळ बांधलं, बाजूला स्नानगृहं बांधली आणि गावाला नाव दिलं अक्वे सुलिस, म्हणजे सुलिसचं पाणी. त्या देवीच्या ब्राँझच्या मूर्तीचं सोन्याचा मुलामा दिलेलं मस्तक १७२७ मध्ये गटाराचं खोदकाम करताना सापडलं, ते तिथे ठेवलंय, त्याच्यासमोर जरा थांबा. आणि लोकांनी झऱ्यात टाकलेली बारा हजारांवर रोमन नाणी मिळालीत. वाशीच्या खाडीपुलावरून गाडी जाताना आपल्याकडची माणसं हात जोडून पाण्यात नाणं टाकतात ना, तेच हे, काळ आणि देश वेगळा.

पण मला त्या सगळ्या म्युझियममध्ये सगळ्यात जवळच्या वाटतात त्या शिशाच्या पातळ पट्ट्या. साधारण १३० सापडल्यात. कुणाचा कपडा चोरीला गेला, कुणाचे पैसे गेले, की माणूस शिशाच्या पत्र्यावर देवीच्या नावाने गाऱ्हाणं कोरायचा, गुंडाळी करायचा आणि झऱ्यात टाकायचा. डोसिमेडिस नावाच्या एकाचे दोन हातमोजे गेले होते, त्याने देवीला सांगितलंय की चोराचं डोकं आणि डोळे दोन्ही जाऊ देत. दोन हातमोज्यांसाठी! थंडीच्या देशात हातमोजे गेल्यावर माणसाचं काय होत असेल ते तिथे एखाद्या गार सकाळी गेलं की कळतं. राजांचे शिलालेख सगळीकडेच असतात, साध्या माणसाचा राग असा लिहिलेला सहसा सापडत नाही, म्हणून त्या पट्ट्यांपाशी जास्त वेळ द्या, ऑडिओ गाइड तिकिटातच मिळतो, तो कानाला लावून.

मधलं मोठं कुंड म्हणजे ग्रेट बाथ, तेच फोटोत असतं. दीड मीटरच्या वर खोल आहे आणि तळाला रोमनांनी घातलेले शिशाचे पत्रे अजून आहेत. पाणी हिरवं दिसतं ते शेवाळामुळे, रोमन काळात त्याच्यावर उंच कमानदार छत होतं, आता उघडं आहे, ऊन लागतं. वरचा गच्चीसारखा भाग आणि तिथले पुतळे रोमन नाहीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे आहेत, खांबांचे तळ मात्र खरे जुने. हे मुद्दाम सांगतेय कारण बरेच लोक पुतळ्यांचेच फोटो काढून रोमन म्हणून पाठवतात. शेवटी झऱ्याचं पाणी प्यायला मिळतं, कोमट आणि खनिजांच्या चवीचं, घोटभर घ्याच, अठराव्या शतकात लोक औषध म्हणून ग्लासच्या ग्लास प्यायचे. बाहेर पडायच्या आधी जिथून जास्तीचं पाणी वाफ काढत मोठ्या नाल्यात पडतं ती जागा बघा, तो नाला रोमनांचा आहे आणि आजही तेच काम करतो, पाणी एव्हन नदीत नेऊन सोडतो.

शेजारीच बाथ ॲबी. ९७३ मध्ये एडगर राजाचा राज्याभिषेक याच जागेवरच्या जुन्या चर्चमध्ये झाला होता, आताची इमारत १४९९ नंतरची. दर्शनी भिंतीवर शिडीने वर चढणारे देवदूत कोरलेत. आत भिंतीभर स्मारकशिळा आहेत आणि त्या वाचत गेलात तर आपल्याकडे कंपनी सरकारच्या नोकरीत पैसा कमावून म्हातारपणी बाथला येऊन राहिलेल्यांची नावं दिसतील. पैसा कुठून आला ते त्या शिळांवर सरळ लिहिलेलं नसतं, आपण समजून घ्यायचं. आणि अलीकडे या चर्चची फरशी थंडीत गरम ठेवायला त्याच रोमन नाल्यातल्या पाण्याची उष्णता वापरतात, मला हे फार आवडतं.

आता जेवण. डबा न्या, अगदी निःसंकोच. लेकीकडून थालीपीठ किंवा मेथीचे पराठे नि दही घेऊन निघा, चर्चच्या चौकात बाकं आहेत. तिथे सॅली लनचा बन प्रसिद्ध आहे, मोठा हलका ब्रेडसारखा, शहरातल्या सगळ्यात जुन्या घरांपैकी एका घरात मिळतो, पण अशा बनच्या पिठात बहुधा अंडं असतं म्हणून तुम्ही विचारल्याशिवाय घेऊ नका. चहासाठी कुठलंही कॅफे चालेल, ‘व्हीगन’ लिहिलेलं काही असलं की त्यात दूधही नसतं आणि अंडंही नसतं, एवढं लक्षात ठेवलं तर तिकडे उपाशी राहायची वेळ येत नाही.

जेवल्यावर नदीकडे पाच मिनिटं चालत जा, पल्टनी ब्रिज, १७७४ चा, रॉबर्ट ॲडमने आखलेला, पुलावर दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. पुलावर उभं राहिलात तर रस्त्यावर असल्यासारखंच वाटतं, म्हणून काठावरून बघा.

मग गुडघ्यांचा मुद्दा. बाथ वाडग्यासारख्या खोलगट जागेत वसलंय आणि श्रीमंती वस्ती वरच्या अंगाला आहे. लोक खालून चढत जातात आणि दमतात. तुम्ही टॅक्सी करा किंवा बसने सरळ रॉयल क्रेसेंटला वर जा, आणि चालायचं ते उतारावरून, क्रेसेंटवरून ब्रॉक स्ट्रीटने सर्कसला, म्हणजे गोलाकार बांधलेल्या घरांच्या चौकाला, तिथून गे स्ट्रीटने क्वीन स्क्वेअरला, की आलात गावात. रॉयल क्रेसेंट म्हणजे तीस घरांची चंद्रकोरीसारखी एकच सलग ओळ, धाकट्या जॉन वूडने १७६७ ते १७७५ या काळात उभी केली. पुढून सगळं एकसारखं, खांबाला खांब जुळलेला, पण मागच्या बाजूला प्रत्येक घर वेगळं, कारण गिऱ्हाईक पुढच्या भिंतीचा तेवढा तुकडा विकत घ्यायचं आणि मागचं घर आपल्याला हवं तसं बांधून घ्यायचं. समोर मोठी हिरवळ आहे, बसा तिथे अर्धा तास. सर्कस थोरल्या जॉन वूडने आखलं, १७५४ मध्ये काम सुरू झालं आणि त्याच वर्षी तो वारला, मुलाने पुरं केलं. तिथल्या १४ नंबरच्या घरावर पाटी दिसेल, रॉबर्ट क्लाइव्ह. प्लासीचा तोच.

क्वीन स्क्वेअरला पोचल्यावर पायात दम असेल तर जवळच न्यू किंग स्ट्रीटला एक साधं घर आहे, १९ नंबर. विल्यम हर्शेल नावाचा संगीतकार तिथे बहीण कॅरोलाइनबरोबर राहायचा, घरीच आरसे घासून दुर्बिणी बनवायचा, आणि १३ मार्च १७८१ च्या रात्री मागच्या अंगणातून त्याला युरेनस सापडला. आता तिथे छोटं म्युझियम आहे, उघडं असायचे दिवस बघून जा, जिनेही आहेत. ताई, तुम्हाला हे मुद्दाम सांगण्याचं कारण म्हणजे हे भाऊबहीण पुढे १७८६ मध्ये स्लाऊलाच राहायला गेले आणि कॅरोलाइनला पहिला धूमकेतू त्याच वर्षी तिथूनच सापडला. तुमच्या लेकीच्या गावातून. जावईबापूंना रात्री जेवताना सांगा.

प्रश्न: नेरुळहून लिहितोय. लंडनमध्ये चार दिवस आहोत, एक बस टूर विंडसरचा राजवाडा, स्टोनहेंज आणि बाथ एकाच दिवसात दाखवते. पैसे वसूल होतील असं वाटतं. घ्यावी का?

उत्तर: माझं स्पष्ट मत, बाथसाठी म्हणून घेऊ नका. अशा टूरमध्ये बाथला जेमतेम दीड-दोन तास मिळतात, त्यात वॉशरूम, सँडविच आणि गटातल्या हरवलेल्या माणसाची वाट बघणं, रोमन बाथ्सच्या आत जायला वेळच उरत नाही किंवा पळत बघावं लागतं. दिवसाचा मोठा भाग बसमध्ये जातो. चारच दिवस असतील तर एक दिवस फक्त बाथला ट्रेनने जा, आणि स्टोनहेंजची खरंच ओढ असेल तर दुसऱ्या दिवशी वॉटर्लू स्टेशनवरून सॉल्सबरी गाठा, तिथून स्टोनहेंजची बस मिळते. दोन्ही नीट बघणं जमत नसेल तर एक सोडून द्या. बाथमध्ये मेयरचे मानद गाइड म्हणून स्वयंसेवक असतात, ते रोमन बाथ्सला लागून असलेल्या पंप रूमच्या बाहेरून रोज फुकट पायी फेरी नेतात, टिपसुद्धा घेत नाहीत, साधारण दोन तास लागतात. इंग्रजी नीट कळत असेल तर यापेक्षा चांगला गाइड पैसे देऊन मिळणार नाही.

प्रश्न: ऐरोलीहून. रोमन बाथ्समध्ये आंघोळ करता येते का? सासूबाईंना संधिवात आहे, त्यांना तिथलं पाणी लागावं अशी इच्छा आहे.

उत्तर: रोमन कुंडात नाही, हात घालायलाही मनाई आहे. पूर्वी तिथल्या झऱ्याचं पाणी पोहायला वापरायचे, पण १९७८ मध्ये त्या पाण्यातल्या अमिबामुळे मेंदूचा संसर्ग होऊन एक लहान मुलगी गेली आणि सगळं बंद झालं. मग खोल नवीन बोअर मारून स्वच्छ पाणी काढलं आणि २००६ मध्ये थर्मे बाथ स्पा सुरू झालं, पलीकडच्याच गल्लीत. तिथे त्याच झऱ्यांचं पाणी आहे, अंगाला सोसेल इतकं कोमट करून, गच्चीवरही एक पूल आहे. मुख्य स्पामध्ये सोळा वर्षांखालच्यांना घेत नाहीत. बायका-पुरुष एकत्र असतात आणि स्विमिंग कॉस्च्युम लागतोच, साडी किंवा पंजाबी ड्रेस चालणार नाही. सासूबाईंना हे आधी सांगा, तिथे दारात पोचल्यावर कळलं तर त्यांचा हिरमोड होईल. अंगभर कॉस्च्युम आपल्याकडे मिळतो, तो चालेल का ते बुकिंग करताना विचारून घ्या. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर इथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. संधिवात पाण्याने बरा होईल अशी आशा धरू नका, सांध्यांना ऊब मिळून बरं वाटेल, तेवढंही त्या वयात खूप असतं.

प्रश्न: मुलगा फ्रँकफर्टला असतो, म्हणजे आम्हाला बाथ जमणार नाही. तसं काही जर्मनीत? (कोपरखैरणे)

उत्तर: बाडेन-बाडेन. युनेस्कोने २०२१ मध्ये युरोपातल्या सात देशांमधली अकरा झऱ्यांची शहरं एकत्र जागतिक वारसा म्हणून घेतली, त्यात बाथही आहे आणि हेही. फ्रँकफर्टहून थेट ट्रेन असतात. लिख्टेंटालर अलीच्या झाडांखालून नदीकाठाने चाला, खांबांची ट्रिंकहाले, म्हणजे झऱ्याचं पाणी प्यायचा जुना हॉल, बघा. स्नान करायचं तर काराकाला थर्मेमध्ये करा, तिथल्या पुलांमध्ये कॉस्च्युम घालून उतरतात. १८७७ चं फ्रीडरिखस्बाड देखणं आहे, पण तिथे कपड्यांशिवाय उतरायची परंपरा आहे, मुलासुनेबरोबर जाताना आधी माहीत असलेलं बरं.

प्रश्न: ताई, आमचं परदेशी जाणं होणार नाही. घोडबंदर रोडला राहतो, आई ७४ वर्षांची. बाथबद्दल वाचून ती म्हणाली मग आपली वज्रेश्वरी काय वाईट. एका दिवसात तिला नेऊ का? आणि पाणी गरम कसं होतं, ज्वालामुखी आहे का खाली?

उत्तर: आईंचं अगदी खरं आहे. ज्वालामुखी नाही, ना बाथला ना वज्रेश्वरीला. बाथचं पाणी म्हणजे मेंडिप डोंगरांवर पडलेला पाऊस, तो चुनखडीच्या खडकातून कित्येक किलोमीटर खोल झिरपतो, खालच्या उष्णतेने तापतो आणि खडकातल्या भेगेतून वर येतो. आपल्याकडेही पाऊस असाच कातळाच्या भेगांमधून खोल जाऊन तापून वर येतो, ठाणे-पालघरपासून खाली रत्नागिरीपर्यंत, उन्हवरे, तुरळ, राजवाडी, अशी गरम पाण्याची कुंडं कोकणभर आहेत.

ठाण्याहून भिवंडी, अंबाडी असा रस्ता. आधी वज्रेश्वरीचं देऊळ, वसई जिंकायचा नवस चिमाजी अप्पांनी देवीला बोलला होता आणि १७३९ मध्ये किल्ला सर झाल्यावर देऊळ बांधलं, म्हणून त्याला किल्ल्यासारखा दरवाजा आहे. देवळाला बरीच चढण आहे, आईंना धरून सावकाश न्या, नाहीतर खालून नमस्कार केला तरी देवीला पोचतो. मग तानसा नदीकाठची अकलोलीची कुंडं, आणि पुढे गणेशपुरीला नित्यानंद स्वामींची समाधी. कुंडांचं पाणी प्रत्येक ठिकाणी वेगळं तापलेलं असतं, आधी हाताने बघा, मग आईंना नुसते पाय सोडून बसू द्या, पाच-दहा मिनिटं पुरेत, उठताना चक्कर येऊ शकते म्हणून एकजण शेजारी हवाच. काठ बुळबुळीत असतो. सकाळी लवकर आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, रविवारी आणि यात्रेला फार गर्दी असते. पावसाळ्यात नदीला पाणी चढतं तेव्हा काठच्या कुंडांकडे जाऊ नका. साबण-शाम्पू नेऊ नका, तिथे वापरून त्या पाण्याची आधीच बरीच नासाडी झालीय, आणि निर्माल्याच्या पिशव्या परत घरी आणा. बाथवाल्यांनी आपला झरा जपला म्हणून लोक तिथे लांबून येतात, अकलोलीचं पाणी आपलं आहे, ते आपल्याशिवाय कोण जपणार. दुपारचं जेवण गणेशपुरीत साधं आणि चांगलं मिळतं, चारच्या आत निघालात तर भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये आईंचे हाल होणार नाहीत.